न झालेल्या लग्नाची याद

इतिहासांत 'जर' आणि 'तर' या दोन शब्दांना थारा देऊं नये, असा विद्वानांचा दंडक आहे. जें घडलें तें कां व कसें घडलें एवढेंच सांगावें. जें घडलेंच नाहीं त्याची चौकशी करीत बसणें हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असें ते म्हणतात. आमच्याकडील बायकांनीं हाच दंडक त्यांच्याही आधीं आणि अधिक ठसक्यानें सांगून ठेवला आहे. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलें असतें! या म्हणीपुढें भल्याभल्यांची तर्कबुद्धि निमूट होते. गेलीं अठ्ठावीस वर्षें आम्ही महाविद्यालयांत इतिहास शिकवीत आहों. वर्गांतील एखाद्या चौकस मुलानें 'पण तसें झालें असतें तर?' म्हणून विचारलें कीं हीच म्हण आम्ही त्याच्यावर टाकतों. वर्ग हंसतो, मुलगा खालीं बसतो, आणि नेमलेलें पुस्तक वेळेवर संपतें.

तथापि खरें सांगावयाचें तर या प्रश्नाची गोडी आम्हांस त्या मुलापेक्षां कमी नाहीं. शिवाय एक प्रकरण असें आहे कीं तेथें जर-तर वर्ज्य केले तर इतिहासच समजत नाहीं. तें प्रकरण म्हणजे राजघराण्यांतील लग्नें. युद्ध करणारा राजा एखादे वेळीं आजच्या दिवसापुरता विचार करील. पण मुलाचें किंवा मुलीचें लग्न जमविणाऱ्या राजाच्या मनांत जर-तरांखेरीज दुसरें कांहींच नसतें. मुलगा झाला तर हें राज्य त्याला. न झाला तर तें राज्य तिला. नवरा आधीं वारला तर अमुक गांवें तिच्या उत्पन्नाला. ती आधीं वारली तर हुंडा परत. जुने तहनामे उघडून पाहावे, ओळीओळींतून हेंच. ज्यांचें सारें आयुष्य जर-तरांत गेलें, त्यांचा इतिहास आपण जर-तर न उच्चारतां सांगूं म्हणतों, हें जरा विचित्रच नव्हे काय?

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी आपल्यांत म्हण आहे. ती करणाऱ्यानें राजांचीं लग्नें पाहिलीं नसावींत. पाहिलीं असतीं तर 'राज्य पाहावें मोडून' असें तिसरें कलम त्यानें खास जोडलें असतें. युरोपच्या इतिहासांत अशा लग्नांना तोटा नाहीं. इ. स. १४६९ मध्यें कॅस्टीलची इझाबेला व अ‍ॅरागॉनचा फर्डिनंड यांचें लग्न झालें नसतें, तर आज ज्याला आपण स्पेन म्हणतों तो देश या रूपांत दिसता ना. १४७७ मध्यें बर्गंडीच्या मेरीनें ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनला वरलें नसतें, तर नेदरलंड्सचा पुढचा इतिहास निराळ्या शाईनें लिहावा लागता. पण हीं झालेलीं लग्नें. आमचें मन गुंतलें आहे तें एका न झालेल्या लग्नांत. साल १२९०, नवरा सहा वर्षांचा, नवरी सात वर्षांची, नवरा इंग्लंडच्या गादीचा वारस, नवरी स्कॉटलंडची राणी.

या कथेचा आरंभही एका लग्नाच्याच ओढीनें होतो. स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर हा कर्ता पुरुष. त्याची पहिली राणी मार्गारेट ही इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डची सख्खी बहीण. तिला दोन मुलगे व एक मुलगी. पण दैव असें कीं राणी आधीं गेली, आणि पुढें १२८१ ते १२८४ एवढ्या काळांत तिन्ही मुलें एकामागून एक गेलीं. मुलगी नॉर्वेचा राजा एरिक यास दिली होती. तिच्यामागें एक तान्ही मुलगी राहिली, तिचेंही नांव मार्गारेट. वंश चालावा म्हणून अलेक्झांडरनें १२८५ च्या शरदांत फ्रान्समधील योलांद नांवाच्या तरुण मुलीशीं दुसरें लग्न केलें. पुढच्या वर्षीं १९ मार्चला एडिंबरोच्या किल्ल्यांत सरदारांसह जेवण झाल्यावर, वादळी रात्रीं, बरोबरचे लोक नको नको म्हणत असतां, खाडी ओलांडून तो नव्या राणीच्या भेटीस निघाला. काळोखांत सोबत्यांची चुकामूक झाली. सकाळीं किंगहॉर्नच्या किनाऱ्यावर राजाचें प्रेत सांपडलें. घोडा अंधारांत घसरला असावा. लग्नाला अजून सहा महिनेही झाले नव्हते.

आतां साऱ्या स्कॉटलंडला वारस म्हणून उरली ती समुद्रापलीकडे नॉर्वेंत वाढणारी तीन वर्षांची नात. सरदारांनीं १२८४ मध्येंच तिचा हक्क मान्य केला होता. तिच्या नांवानें राज्य चालविण्यास सहा पालक नेमण्यांत आले. इकडे इंग्लंडांत पहिला एडवर्ड टपून बसलेला. वेल्स त्यानें नुकताच तलवारीनें जिंकला होता; स्कॉटलंड नुसत्या अक्षतांनीं मिळत असेल तर कोणास नको? त्याचा मुलगा, तोही एडवर्डच, १२८४ मध्यें जन्मलेला. नात्यानें मुलगी त्याच्या आतेबहिणीची लेक, म्हणजे भाचीच लागे. तेव्हां पोपची परवानगी आणावी लागली, आणि ती आली. आत्याबाईच्या मिशांची म्हण आम्हीं आरंभीं सांगितली. येथें खरोखरीच एक आत्याबाई मध्यें निघाली, आणि तिच्या नातीच्या गळ्यांत दोन राज्यें एकदम अडकविण्याचा घाट घातला गेला!

१२९० च्या जुलैमध्यें ट्वीड नदीच्या कांठीं बर्जम या गांवीं करार ठरला. ऑगस्टांत नॉर्दॅम्प्टन येथें एडवर्डनें त्यास मान्यता दिली. आपल्याकडे लग्न ठरलें कीं दोन्हीकडचे वडील बसून याद्या करीत. देण्याघेण्याचीं व मानपानाचीं कलमें कागदावर उतरून खालीं सह्या होत. बर्जमचा करार ही अशीच एक याद होय. पण मुलीकडच्यांनीं तींत मागितलें काय? दागिने नव्हेत, गांवें नव्हेत. त्यांनीं आपले कायदे मागितले. दोन राज्यांचा धनी एक झाला तरी स्कॉटलंड हें इंग्लंडापासून वेगळें, स्वतंत्र व कोणाच्याही ताबेदारीवांचून राहील. तेथील कायदे, हक्क व चालीरीति जशाच्या तशा चालतील. तेथें घडलेल्या गोष्टीचा जबाब देण्यास तेथील माणसाला सरहद्दीबाहेर खेंचलें जाणार नाहीं. स्कॉटलंडच्या कारभारासंबंधीं पार्लमेंट स्कॉटलंडाबाहेर भरणार नाहीं. वरपक्ष इतका बलाढ्य असतां वधूपक्षानें इतकी सावध याद केलेली आमच्या तरी वाचनांत दुसरी नाहीं. धूर्त व्याह्याप्रमाणें एडवर्डनेंही शेवटीं एक शेपूट जोडून ठेवलेंच: आमचे व इतरांचे जे कांहीं हक्क असतील ते राखून!

मुलीला आणावयास एडवर्डनें यार्मथ बंदरांतून एक मोठें गलबत पाठविलें. त्यावर चढविलेल्या सामानाचा हिशेब शिल्लक आहे. त्यांत साखर आहे, अक्रोड, अंजीर, मनुका आहेत, आणि आलें घातलेला गोड पाव अठ्ठावीस पौंड आहे. हा हिशेब वाचतांना आमच्या मनांत नेहमीं एकच विचार येतो. तहनाम्यांच्या एवढ्या भेंडोळ्यांत ही राणी सात वर्षांची आहे याची खरी आठवण कोणाला राहिली असेल, तर ती गलबतावर खाऊ चढविणाऱ्या त्या अज्ञात कारकुनाला. पण मुलीच्या बापानें तिला त्या गलबतांतून धाडलें नाहीं. आपली मुलगी आपल्याच जहाजांतून जाईल असें तो म्हणाला असावा. खाऊचें गलबत तसेंच माघारीं आलें. शरदाच्या तोंडीं ती बर्गनहून निघाली. उत्तर समुद्राच्या वाटेवर ऑर्कनी बेटें लागतात. तीं तेव्हां नॉर्वेच्याच ताब्यांत होतीं. तेथें ती आजारी पडली आणि सप्टेंबर संपण्याच्या सुमारास वारली. प्रेत बर्गनला परत नेलें. बापानें ओळखलें, आणि आईच्या शेजारीं तिला पुरलें. ज्या देशाची ती राणी होती त्या देशाच्या भूमीला तिचें पाऊल एकदांही लागलें नाहीं.

७ ऑक्टोबरला सेंट अँड्र्यूजच्या बिशपनें एडवर्डला लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. राणी वारल्याची वदंता आहे, देशांत गडबड उडाली आहे, ब्रूस माणसें घेऊन आला आहे, आणि जॉन बेलियल आपणांकडे आला तर त्याच्याशीं बोलणें लावून ठेवावें, असा त्याचा भावार्थ. मृत्यूची खात्री होण्यापूर्वींच वारसांची वर्दी! गादीवर हक्क सांगणारे तेरा जण पुढें आले. निवाडा कोणीं करावा? एडवर्डनें. लोण्याच्या गोळ्यासाठीं भांडणाऱ्या दोन मांजरांनीं माकडाला पंच नेमल्याची गोष्ट स्कॉटलंडच्या सरदारांनीं ऐकली नसावी. आधीं मला सार्वभौम माना, मग निवाडा देतों, असें पंच म्हणाला. नोव्हेंबर १२९२ मध्यें बेलियलला गादी मिळाली, आणि दोन महिन्यांच्या आंत बर्जमचीं सारीं वचनें त्याच्याकडूनच रद्द करून घेण्यांत आलीं. १२९६ मध्यें एडवर्डची स्वारी झाली. स्कॉटलंडच्या राजांचा अभिषेक ज्यावर होई तो स्कोनचा पाषाण उचलून वेस्टमिन्स्टरला नेण्यांत आला. तो पुन: स्कॉटलंडांत कायमचा परतला इ. स. १९९६ मध्यें, मध्यें बरोबर सातशें वर्षें गेलीं.

पुढची कथा वाचकांस ठाऊक आहे. १२९७ मध्यें वॉलेसनें स्टर्लिंगच्या पुलापाशीं इंग्रजांचा मोड केला. १३०५ मध्यें लंडनांत त्याला हालहाल करून मारलें. १३०६ मध्यें रॉबर्ट ब्रूसनें मुकुट धारण केला. आणि १३१४ च्या जूनमध्यें बॅनॉकबर्नच्या मैदानावर इंग्रजांच्या प्रचंड सैन्याची दाणादाण उडाली. त्या सैन्याच्या अग्रभागीं असलेला इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड म्हणजेच बर्जमच्या यादींतला नवरा मुलगा. ज्या देशाचा जांवई म्हणून त्यानें मिरवावयाचें, त्या देशांतून तो घोड्याला टांच मारून जीव घेऊन पळाला.

आतां 'जर'चा प्रश्न. ती मुलगी जगली असती तर? सरळ उत्तर असें कीं हें युद्ध झालें नसतें, आणि दोन्ही मुकुट १६०३ ऐवजीं तीनशें वर्षें आधीं एका माथ्यावर आले असते. पण हिशेब इतक्यावर थांबत नाहीं. मार्गारेट गेल्यामुळें एडवर्डला दुसरी वधू पाहावी लागली. ती फ्रान्सची राजकन्या इझाबेल; लग्न १३०८ मध्यें झालें. हा संसार कसा झाला हें सर्वश्रुत आहे. १३२७ मध्यें नवऱ्याला पदच्युत करण्यांत तिचाच हात होता. इझाबेलचे तीन भाऊ फ्रान्सच्या गादीवर क्रमानें बसले आणि मुलगा मागें न ठेवतां वारले. शेवटचा १३२८ मध्यें. तेव्हां इझाबेलच्या मुलानें, तिसऱ्या एडवर्डनें, आईच्या बाजूनें फ्रान्सच्या मुकुटावर हक्क सांगितला. १३३७ मध्यें सुरू झालेलें तें युद्ध १४५३ पर्यंत धुमसत राहिलें, आणि इंग्लंडचे राजे स्वत:ला फ्रान्सचे राजे म्हणवून घेत ते थेट १८०१ पर्यंत. ऑर्कनीच्या बेटांतील एका मुलीच्या दुखण्यानें स्कॉटलंडांत एक आणि फ्रान्सांत एक, अशा दोन युद्धांचीं दारें उघडलीं, असें म्हणण्याचा मोह कोणास होणार नाहीं?

मोह होतो, आणि म्हणूनच जपावयास हवें. फ्रान्सशीं युद्ध मुकुटाच्या हक्कासाठीं झालें हें अर्धेंच सत्य. गॅस्कनी प्रांत इंग्लंडच्या राजाकडे होता व त्याबद्दल फ्रान्सच्या राजाशीं त्याला मांडलिकाचें नातें पत्करावें लागे. ही ठसठस इझाबेलच्या जन्मापूर्वींची. हक्क नसता तर दुसरें निमित्त निघालें असतें. स्कॉटलंडविषयींही तेंच. करारांतील शेपूट आम्हीं वर दाखविलेंच आहे. पहिल्या एडवर्डसारखा सासरा आपल्या सुनेच्या राज्यांत हात न घालतां स्वस्थ बसला असता असें मानण्यास मोठाच भाबडेपणा लागेल.

शिवाय इतिहासानें आपल्याला एक सोय करून ठेवली आहे. हेंच लग्न त्यानें पुढें निरनिराळ्या वेळीं पुन: पुन: लावून पाहिलें. १३२८ मध्यें इंग्लंडनें स्कॉटलंडचें स्वातंत्र्य मान्य केलें, आणि तह पक्का व्हावा म्हणून ब्रूसचा चार वर्षांचा मुलगा डेव्हिड व इंग्लंडची सात वर्षांची राजकन्या जोन यांचें लग्न बेरिक येथें लागलें. हें लग्न झालें, आणि पांच वर्षांत युद्ध पुन: पेटलें. डेव्हिड १३४६ मध्यें मेव्हण्याच्याच लोकांच्या हातीं सांपडून अकरा वर्षें कैदेंत राहिला; जोनला मूल झालें नाहीं. १५०३ मध्यें सातव्या हेन्रीची तेरा वर्षांची मुलगी मार्गारेट चौथ्या जेम्सला दिली. कराराला नांव 'शाश्वत शांतीचा तह'. अवघ्या दहा वर्षांनीं, १५१३ मध्यें, फ्लॉडनच्या रणांत सासरच्या सैन्यानें जांवयाला ठार केलें. पण याच लग्नाचा पणतू सहावा जेम्स १६०३ मध्यें इंग्लंडच्या गादीवर बसला, आणि लढाईनें जें झालें नाहीं तें एका निपुत्रिक राणीच्या मृत्यूनें झालें. ज्या लग्नानें शांति यावयाची त्यानें युद्ध आणलें. आणि युद्धानें वांझ ठरविलेल्या त्याच लग्नाला नव्वद वर्षांनीं फळ धरलें!

चौथा प्रयोग सर्वांत बोधप्रद. १५४२ च्या डिसेंबरांत पांचवा जेम्स वारला तेव्हां त्याची मुलगी मेरी सहा दिवसांची होती. पुढच्या जुलैंत ग्रिनिचच्या करारानें ती आठव्या हेन्रीच्या मुलाला, पांच वर्षांच्या एडवर्डला, नेमली गेली. परिस्थिति हुबेहूब १२९० ची: तिकडे एकटी बालराणी, इकडे एक बालयुवराज आणि त्याचा दांडगा बाप. फरक एकच. १२९० मध्यें स्कॉटलंडचे सरदार आपण होऊन यादीला बसले होते. १५४३ मध्यें त्यांच्या पार्लमेंटनें डिसेंबरांत करार झिडकारला. मध्यें अडीचशें वर्षांचें रक्त सांचलें होतें. हेन्रीनें मग सैन्य धाडून मागणी घातली. १५४४ मध्यें एडिंबरो जाळलें, १५४७ मध्यें त्याच्या पश्चात् पिंकीच्या लढाईंत हजारों माणसें कापलीं. लग्न मला नापसंत नाहीं, पण मागणी घालण्याची ही रीत पसंत नाहीं, अशा अर्थाचें त्यावेळच्या एका स्कॉटिश सरदाराचें बोलणें सांगतात. १५४८ मध्यें पांच वर्षांच्या मेरीला फ्रान्सला पाठवून देण्यांत आलें; नवरा मुलगा १५५३ मध्यें पंधराव्या वर्षीं वारला.

हे चार प्रयोग शेजारीं मांडले म्हणजे आमच्या मतें 'जर'चें खरें उत्तर दिसूं लागतें. लग्न हें राज्यें जोडीत नाहीं. लग्न फार तर वारस देतें, आणि तोही देईलच असें नाहीं. पण १२९० च्या त्या उन्हाळ्यांत एक गोष्ट हातीं होती ती पुढें कधींच आली नाहीं. दोन्ही देशांमध्यें तोंवर मारामारीची कडवट आठवण नव्हती. एक देश दुसऱ्याला बरोबरीनें म्हणूं शकत होता कीं या अटींवर मी येतों, आणि दुसरा तें ऐकून घेऊं शकत होता. मुलगी वारली आणि ती वेळ टळली. इतिहासाचें नुकसान झालें तें जोडपें हुकल्यानें नव्हे, तर विश्वासाची वेळ हुकल्यानें. एडवर्डनें वचन मोडलें असतें हें खरें धरलें, तरी तें मोडतांना त्याला आपल्या सुनेचें वचन मोडावें लागलें असतें. बेवारशी गादीचा पंच होऊन तें इतक्या सहज मोडतां आलें नसतें.

मात्र ती याद मेली नाहीं. १७०७ मध्यें दोन्ही पार्लमेंटें एक झालीं तेव्हां स्कॉटलंडनें आपले कायदे, आपलीं न्यायालयें आणि आपली धर्मसंस्था राखूनच सही केली. बर्जमच्या मंडळींनीं मागितलें होतें तें निम्मेंशिम्में चारशें सतरा वर्षांनीं पदरांत पडलें. आणि उरलेल्या निम्म्याचा वाद अजून मिटला आहे असेंही नाहीं. २०१४ मध्यें स्वतंत्र व्हावें कीं नाहीं यावर तेथें मतदान झालें, तेव्हां शेंकडा ५५ लोकांनीं नको म्हटलें, ४५ लोकांनीं हवें म्हटलें.

लग्नापेक्षां त्याची याद दीर्घायुषी ठरते याचें एक उदाहरण आपल्या दाराशींच आहे. १६६१ च्या करारानें पोर्तुगालची कॅथरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली, तेव्हां हुंड्यांत रोख रक्कम होती, टँजियर होतें, आणि मुंबई नांवाचें एक बेट होतें. नवरा-नवरींपैकीं कोणींही तें कधीं पाहिलें नाहीं. ताबा घेण्यास आलेल्या फौजेला पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं बेट दिलें नाहीं. ती कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडली, आणि तिच्यांतले बहुतेक सैनिक तेथेंच रोगराईनें गेले. १६६५ च्या फेब्रुवारींत बेट हातीं आलें. इंग्रज मुंबईंत बसले त्या दिवशीं हिंदुस्थान गेला समजा, असें गोव्याच्या व्हाइसरॉयानें आपल्या राजाला कळविलें होतें. १६६८ मध्यें राजानें तें बेट सालीना दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलें. कॅथरिनला मूल जगलें नाहीं. ज्या वारसासाठीं लग्न केलें तो आलाच नाहीं. टँजियर इंग्रजांनीं १६८४ मध्यें सोडून दिलें. यादींतलें शेवटचें, कोणाच्या खिजगणतींत नसलेलें कलम मात्र वाढत वाढत आपल्या सर्वांच्या आयुष्यांत येऊन बसलें.

यादीवरून आठवलें. आमच्या घरच्या जुन्या कागदांत आमच्या आजीच्या लग्नाची याद आहे. साल १९२२, तेव्हां आजी नऊ वर्षांची होती. कागद मोडींत आहे. पाटल्यांचा जोड, एक नथ, तीन लुगडीं, तांब्याची घागर, वऱ्हाड चाळीस माणसांचें, बैलगाड्या चार, विहिणीला पायघड्या, हें सारें नीट क्रमवार लिहिलेलें आहे. मुलीचा उल्लेख एकदांच आहे, 'चिरंजीव कन्या' असा. नांव नाहीं. लग्नांत तें बदलावयाचेंच होतें, मग लिहावयाचें कशाला? तिचें माहेरचें नांव यमुना होतें हें आम्हांस ती सत्तरीच्या पुढें गेल्यावर तिच्याच तोंडून कळलें. लग्नाविषयीं तिला काय आठवतें म्हणून विचारलें, तर पाटल्या किंवा पायघड्या तिला आठवत नव्हत्या. निघतांना तिनें आपली लांकडी ठकी कमरेला खोंचून घेतली होती. गाडींत बसतांना ती कोणीं तरी काढून घेतली, एवढें तिला स्वच्छ आठवत होतें. पासष्ट वर्षांनंतरही कोणीं काढून घेतली तें ती सांगत नसे.

इंग्रजी इतिहासग्रंथांतून अलेक्झांडरच्या त्या नातीला तिच्या नांवानें क्वचितच ओळखतात. तेथेंही ती 'नॉर्वेची कन्या' आहे. दोन्ही याद्यांची भाषा अशी जुळलेली पाहिली म्हणजे 'ती जगली असती तर' हा प्रश्न आपण कसा विचारतों याकडे लक्ष जातें. जगली असती तर स्कॉटलंडचें काय झालें असतें, इंग्लंडचें काय, फ्रान्सचें काय, असें आम्ही विचारतों; तिचें काय झालें असतें हें कोणी विचारीत नाहीं. उत्तर फारसें सुखाचें नाहीं. जोन जगली, तिला नवऱ्याची कैद दिसली. मेरी जगली, तिचें डोकें १५८७ मध्यें इंग्लंडांत उडविण्यांत आलें. इझाबेल जगली, तिच्या हातून नवऱ्याचें राज्य गेलें. राजांच्या याद्यांत नांव नसलेल्या कन्यांचें हें प्राक्तन. तरीही तो प्रश्न विचारावयास हवा, कारण त्या गलबताच्या हिशेबांतला खाऊ कोणी तरी तिच्यासाठींच भरला होता.

तो प्रश्न एकदां विचारला गेला आहे. १३०० मध्यें एक बाई बर्गनला आली आणि मी एरिकची मुलगी मार्गारेट, मी मेलें नव्हतें, असें म्हणूं लागली. एरिक नुकताच वारला होता. ज्यानें प्रेत ओळखलें तोच साक्षीदार नव्हता. मुलगी असती तर सतरा वर्षांची असती. ही बाई चाळिशीची, केंस पिकलेले. १३०१ मध्यें तिला तोतया ठरवून जाळण्यांत आलें. विद्वानांच्या दृष्टीनें प्रकरण येथें संपलें. पण बर्गनच्या लोकांनीं जाळल्या जागेवर एक लहानसें देऊळ बांधलें. तेथें भाविक येऊं लागले, आणि अखेरीस बिशपला तें बंद करण्याची आज्ञा काढावी लागली. पिकलेले केंस त्या लोकांना दिसत नव्हते काय? दिसत होतेच. गणित त्यांनाही येत होतें. पण समुद्रावरून पाठविलेली एक लहान मुलगी परत यावी असें त्यांना वाटत होतें, आणि तिच्या राज्याशीं त्यांना कांहीं कर्तव्य नव्हतें. इतिहासाच्या दंडकाप्रमाणें ते चुकले असतील. तथापि तिच्यासाठीं 'जर' म्हणणारे तेवढेच लोक आम्हांस इतिहासांत आढळले, म्हणून त्यांची याद येथें करून ठेविली आहे.